'रेडिओ भाता'चा धडा : ज्येष्ठ आणि अल्पशिक्षितांसाठी सुलभ संकेतस्थळे

तामिळनाडूतील तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमच्या पूर्वेस, आडुतुरै नावाचे एक छोटे गाव आहे. कावेरीच्या पाण्यावर पिकणाऱ्या या प्रदेशात १९२२ साली भात संशोधनाचे केंद्र सुरू झाले. आज ते तामिळनाडू भात संशोधन संस्था या नावाने ओळखले जाते. तेथे विकसित झालेल्या वाणांच्या नावाआधी 'एडीटी' ही आडुतुरैची खूण लावली जाते. १९६० च्या दशकात या केंद्राचे 'एडीटी-२७' हे वाण तंजावरच्या शेतांत झपाट्याने पसरले. शेतकऱ्यांनी मात्र त्याला आपले वेगळेच नाव दिले, ते म्हणजे 'रेडिओ भात'.

या नावामागचे कारण साधे होते. नव्या वाणाची माहिती शेतकऱ्यांनी पुस्तकात वाचली नव्हती. तिरुचिरापल्ली आकाशवाणीच्या शेतीविषयक कार्यक्रमांतून त्यांनी ती तमिळ भाषेत ऐकली होती. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यालाही ती समजली आणि तिच्या आधारे त्याने पेरणीचा निर्णय घेतला.

आज अशी बरीचशी माहिती आंतरजालावर असते. बाजारभाव, सातबारा उतारा, निवृत्तिवेतन, शिधापत्रिका, रुग्णालयातील नावनोंदणी अशा अनेक कामांसाठी संकेतस्थळ उघडावे लागते. रेडिओला फक्त कान हवे होते. संकेतस्थळाला वाचणारे डोळे, टंकणारी बोटे, लक्षात राहिलेला परवलीचा शब्द आणि बऱ्याचदा इंग्रजी अक्षरांची ओळख एवढे सगळे लागते. जे वयामुळे किंवा शिक्षणाअभावी यांपैकी काही देऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी संकेतस्थळ सुलभ करणे म्हणजे काय, याचा हा आढावा.

प्रश्न किती मोठा आहे

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षे व त्यावरील वयाचे सुमारे १० कोटी ३८ लाख नागरिक होते. त्याच जनगणनेत सात वर्षे व त्यावरील लोकसंख्येत साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७३ टक्के होते. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येणारी व्यक्ती साक्षर ठरते. परंतु स्वतःचे नाव आणि बसवरील पाटी वाचता येणे वेगळे आणि बारा रकान्यांचा अर्ज वाचून भरता येणे वेगळे. त्यामुळे लिखित मजकुरापुढे अडणाऱ्यांची संख्या निरक्षरांच्या आकड्यापेक्षा नेहमीच अधिक असते.

ज्येष्ठांच्या आणि अल्पशिक्षितांच्या अडचणी अनेकदा एकत्र मोजल्या जातात, पण त्या एकसारख्या नाहीत. चाळिशीनंतर जवळचे वाचणे कठीण होऊ लागते. पुढे डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते आणि फिकट रंगांतील फरक कमी जाणवतो. कानांना उंच स्वर कमी ऐकू येतात. हात कापत असल्यास लहान बटणावर नेमके बोट टेकवणे जमत नाही. ताजी माहिती थोडा वेळ मनात धरून ठेवण्याची शक्तीही मंदावते, म्हणून एका पानावरचा क्रमांक लक्षात ठेवून दुसऱ्या पानावर लिहिणे त्रासाचे होते. निवृत्त मुख्याध्यापकाला भाषा उत्तम येते, अडचण असते ती अक्षरांच्या आकाराची. तरुण शेतमजुराची नजर तीक्ष्ण असते, पण लांब वाक्य त्याला अडवते. एकासाठी केलेला उपाय दुसऱ्याला पुरतोच असे नाही. आणि कित्येक घरांतील आजीच्या वाट्याला दोन्ही अडचणी एकदम आलेल्या असतात.

पुण्याचा जुना प्रयोग

केवळ साधन हाती देऊन माहिती पोहोचत नाही, हे महाराष्ट्रात फार पूर्वी दिसून आले होते. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने मराठी भाषक पाच जिल्ह्यांतील १५० गावांत 'रेडिओ ग्रामीण मंडळां'चा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचे, असे एकूण वीस कार्यक्रम प्रसारित झाले. गावातील मंडळाचे सभासद एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, नंतर त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न आकाशवाणीला कळवीत. त्यांची उत्तरे पुढील प्रसारणांतून मिळत.

या प्रयोगाचे मूल्यमापन समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी केले. ज्या गावांत मंडळे होती, तेथील लोकांच्या माहितीत स्पष्ट वाढ झाली. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे वाढ त्या मानाने बरीच कमी होती. म्हणजे फरक पडला तो सोबत बसून बोलण्यामुळे आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळाल्यामुळे. संकेतस्थळांच्या बाबतीत हा निष्कर्ष आजही तितकाच लागू पडतो.

पडद्यावरून ध्वनिक्षेपकाकडे

१९९८ पासून एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने पुदुच्चेरीच्या परिसरातील खेड्यांत 'ग्राम माहिती केंद्रे' सुरू केली. वीरमपट्टिणम या मच्छीमारांच्या गावी लाटांच्या उंचीचा अंदाज अमेरिकी नौदलाच्या संकेतस्थळावरून घेतला जाई. ते पान इंग्रजीत असे आणि आकडे तांत्रिक असत. मच्छीमारांनी ते पान स्वतः उघडावे, अशी अपेक्षा कोणी केली नाही. केंद्रातील व्यक्ती तो अंदाज तमिळमध्ये ध्वनिक्षेपकावरून ऐकवी आणि होड्या न्याव्यात की नाही हे किनाऱ्यावरचे लोक ठरवीत.

डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, त्या दिवशी याच भागातील नल्लवाडु गावात सिंगापूरहून दूरध्वनी आला. माहिती केंद्राच्या ध्वनिक्षेपकावरून इशारा देण्यात आला आणि ग्रामस्थ वेळीच किनाऱ्यापासून दूर गेले. येथे जीव वाचले ते संकेतस्थळामुळे नव्हेत. लोकांना समजेल अशा आवाजात माहिती सांगण्याची व्यवस्था आधीपासून तयार होती, म्हणून ते वाचले.

महाराष्ट्रातील वारणानगर परिसरातही १९९८ मध्येच सुमारे सत्तर गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प हाती घेण्यात आला. सहकारी साखर कारखान्याच्या सभासदांसाठी गावोगावी संगणक केंद्रे उभारण्यात आली. तेथे शेतकरी मुख्यतः आपल्या उसाचे वजन, तोडणीची परवानगी आणि देय रक्कम यांचीच चौकशी करीत. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी काही गावांत संगणकाऐवजी मोबाईलवरील लघुसंदेशाचा प्रयोग केला. शेतकऱ्याने संदेश पाठवायचा आणि उत्तरात आपल्या उसाचा हिशेब मिळवायचा, एवढीच ती सोय होती. लोकांना नेमके काय हवे आहे हे कळल्यावर साधन लहान झाले आणि काम सोपे झाले.

चित्र, आवाज आणि आकडा

अक्षराऐवजी चित्र वापरले की प्रश्न सुटतो, अशी एक समजूत आहे. इंद्राणी मेधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेंगळुरूतील झोपडवस्त्यांत राहणाऱ्या, घरकाम करणाऱ्या स्त्रियांसमवेत मजकूरविरहित पडद्यांचे जे संशोधन केले, त्यातून चित्र वाटते तितके सोपे नसते हे दिसले. भांड्यांचे नुसते चित्र पाहून 'भांडी घासणे' हे काम सुचतेच असे नाही. भांड्यांवर नळाचे पाणी पडताना दाखवले, तर क्रिया ध्यानात येते. ओळखीच्या वस्तू दाखवणारी हाताने काढलेली चित्रे छायाचित्रांपेक्षा आणि संक्षिप्त चिन्हांपेक्षा अधिक सहजतेने समजली. आवाजाची जोड दिल्यावर आकलनाचा वेग साधारणतः वाढला, मात्र चित्र आणि आवाज एकदम पुढे आल्यास काहींचा गोंधळही उडाला.

आकड्यांची गोष्ट वेगळी आहे. पुस्तक न वाचणाऱ्या अनेकांना नोटांवरील, बसवरील आणि दूरध्वनीवरील आकडे ओळखता येतात. गुजरातमधील शेतकऱ्यांसाठी 'अवाज ओटलो' ही दूरध्वनीवरील सेवा तयार होत असताना बोलून उत्तर देणे आणि कळ दाबून उत्तर देणे या दोन पद्धतींची तुलना करण्यात आली. बोलणे सोपे ठरेल असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात कळ दाबून काम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण अधिक निघाले. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर यंत्राची वाणी ओळखण्याची क्षमता पुष्कळ सुधारली आहे. तरीही 'हे सोपे असेल' असे कचेरीत बसून ठरवू नये, हा त्यातील बोध कायम आहे.

याच धर्तीची सरकारी सेवा म्हणजे जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेले किसान कॉल सेंटर. तेथे शेतकरी स्वतःच्या भाषेत प्रश्न विचारतो आणि पलीकडून माणूस उत्तर देतो. ज्या संकेतस्थळावर असा दूरध्वनी क्रमांक पहिल्याच पानावर ठळकपणे दिलेला असतो, ते संकेतस्थळ वाचता न येणाऱ्यालाही काही अंशी उपयोगी पडते.

सोप्या मजकुराचा लाभ सर्वांना

अल्पशिक्षित वाचक पानावरून झरझर नजर फिरवीत नाही. तो एकेक शब्द वाचत पुढे सरकतो. परिच्छेद दाट दिसला तर तो संपूर्णच सोडून देतो आणि मिळाले त्यावर समाधान मानतो. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००५ मध्ये या सवयींविषयी लिहिताना एका औषध कंपनीच्या संकेतस्थळावर झालेल्या चाचणीचे आकडे दिले होते. मजकूर सोपा करून मांडणी सरळ केल्यावर कमी वाचनक्षमता असलेल्यांचे नेमून दिलेली कामे पूर्ण करण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर गेले. चांगली वाचनक्षमता असलेल्यांचे प्रमाणही ६८ वरून ९३ टक्क्यांवर पोहोचले. सोप्या भाषेमुळे सुशिक्षितांचे काही बिघडत नाही, त्यांचाही वेळ वाचतो.

मराठी संकेतस्थळांवर मजकूर अवघड होण्याची दोन कारणे दिसतात. एकीकडे इंग्रजी शब्द जसेच्या तसे देवनागरीत उतरवले जातात, तर दुसरीकडे कचेरीतील जड भाषा वापरली जाते. 'अर्जदाराने विहित नमुन्यातील स्वयंघोषणापत्र सक्षम प्राधिकाऱ्याकडे सादर करणे अनिवार्य आहे' असे वाक्य सुशिक्षितालाही थांबवते. 'हा कागद भरा, त्यावर सही करा आणि ग्रामपंचायतीत द्या' हे मात्र वाचून दाखवले तरी कळते. तंजावरच्या शेतकऱ्यांनी 'एडीटी-२७' ला 'रेडिओ भात' म्हटले, त्याचप्रमाणे लोकांच्या तोंडी असलेला शब्दच पानावर असावा. लोक 'सातबारा' म्हणत असतील तर बटणावरही 'सातबारा' हेच लिहिलेले असावे.

देवनागरीच्या खास अडचणी

मराठी पानांचे काही प्रश्न इंग्रजी पानांना नसतात. देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा व अनुस्वार आणि खाली उकार येतात. दोन ओळींमधील अंतर कमी असले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. लहान आकारात जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात आणि 'घ' व 'ध' किंवा 'भ' व 'म' यांतील फरक थकलेल्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मराठी मजकुराचा आकार आणि ओळींमधील अंतर इंग्रजीपेक्षा अधिक ठेवावे लागते.

युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळांचे टंक वेगवेगळे होते. तो टंक संगणकावर नसला की पानावर निरर्थक चिन्हे उमटत. पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तो मजकूर मराठी म्हणून ओळखता येत नसे. युनिकोडमुळे ही अडचण बहुतांशी दूर झाली. तरीही कागदाचे छायाचित्र काढून तेच पानावर टाकण्याची पद्धत टिकून आहे. अशा चित्रातील अक्षरे मोठी केली तर पुसट होतात आणि ती सहजासहजी वाचून दाखवता येत नाहीत. कागद स्कॅन करून टाकला म्हणजे माहिती प्रसिद्ध झाली, पण ती पोहोचली असे म्हणता येत नाही.

याशिवाय इंग्रजी अक्षरांचा अडथळा आहे. पान मराठीत असते, पण आपण यंत्र नाही हे सिद्ध करण्यासाठी वेडीवाकडी इंग्रजी अक्षरे ओळखावी लागतात. एकदाच वापरायच्या परवलीच्या क्रमांकाचा संदेश इंग्रजीत येतो आणि तो टंकण्याआधीच मुदत संपते. अशा ठिकाणी वापरणाऱ्याची चूक काहीच नसते, तरी पडद्यावर 'चूक' हाच शब्द उमटतो.

निवृत्तिवेतनाचे उदाहरण

सुलभतेचा प्रश्न थेट उपजीविकेशी कसा जोडलेला असतो, हे हयातीच्या दाखल्यावरून समजते. निवृत्तिवेतनधारकांना दरवर्षी, साधारणतः नोव्हेंबरमध्ये, आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. तो मिळाला नाही तर निवृत्तिवेतन थांबते. यासाठी १० नोव्हेंबर २०१४ रोजी 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सेवा सुरू झाली. बँकेतील रांग टळावी हा तिचा हेतू होता. मात्र वयोमानाने आणि आयुष्यभराच्या कष्टाने बोटांच्या रेषा झिजतात. अशा व्यक्तींचे ठसे यंत्राला जुळत नाहीत. २०२० मध्ये पोस्टमनमार्फत घरपोच दाखल्याची सोय करण्यात आली आणि २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची पद्धत सुरू झाली. कागदी दाखल्याचा मार्गही खुला आहे.

या उदाहरणात सुलभतेचे एक मुख्य तत्त्व दिसते. काम करण्याचा एकच मार्ग ठेवला तर तो कोणाला ना कोणाला बंद असतोच. ठसा, चेहरा, घरी येणारा माणूस आणि कागद असे चार मार्ग असल्यावर कोणीही बाहेर राहण्याची शक्यता कमी होते.

मानके आणि कायदा

संकेतस्थळांच्या सुलभतेची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे 'वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियम' ही संस्था ठरवते. त्यांची पहिली आवृत्ती मे १९९९ मध्ये आली, दुसरी डिसेंबर २००८ मध्ये, आणि २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील काही प्रमुख अपेक्षा पुढीलप्रमाणे आहेत :

– नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि त्यामागील रंग यांतील उजेडाचा फरक किमान ४.५ : १ असावा. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे ही अट पूर्ण करीत नाहीत.

– मजकूर दुप्पट मोठा केला तरी पान मोडू नये.

– बोटाने दाबायच्या जागा किमान २४ गुणिले २४ पिक्सेल असाव्यात.

– वेळेची मर्यादा असल्यास ती वाढवून घेता यावी.

– संकेतस्थळात शिरताना स्मरणशक्तीची किंवा कोडे सोडवण्याची परीक्षा घेतली जाऊ नये. निदान दुसरा पर्याय तरी द्यावा.

– चूक झाल्यास ती कोठे झाली आणि कशी दुरुस्त करावी हे शब्दांत सांगावे.

मजकूर माध्यमिक शाळेच्या आरंभीच्या इयत्तांतील मुलाला कळेल इतका सोपा असावा, किंवा तशी दुसरी आवृत्ती द्यावी, ही अपेक्षाही या तत्त्वांत आहे. मात्र ती सर्वांत वरच्या पातळीवर ठेवलेली असल्याने बहुतेक संस्था ती बंधनकारक मानीत नाहीत. परिणामी, अधू दृष्टीच्या वाचकाला या मानकांचा जितका आधार मिळतो, तितका अल्पशिक्षिताला मिळत नाही.

भारत सरकारने शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्येही माहिती तंत्रज्ञानाच्या सुलभतेची तरतूद आहे. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून यांच्या प्रकरणात सांगितले. बँकांतील ओळख पडताळणीत दिव्यांगांना येणाऱ्या अडचणींचा तो खटला होता. निकालात ग्रामीण भागातील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या स्थितीचीही दखल घेण्यात आली.

कसोटी कोणती

रंगांतील फरक आणि बटणांचा आकार यंत्राने मोजता येतो. मजकूर समजला की नाही, हे मात्र माणसाला विचारूनच कळते. त्यासाठी मोठ्या सर्वेक्षणाची गरज नसते. संकेतस्थळ ज्यांच्यासाठी आहे अशा चार-पाच व्यक्तींना, त्यांच्याच फोनवर, एखादे खरे काम करायला सांगावे. त्या वेळी मदत करू नये, फक्त त्या कोठे थांबतात हे पाहावे. 'समजले का?' या प्रश्नाला ज्येष्ठ माणसे संकोचाने 'हो' म्हणतात. त्याऐवजी 'आता पुढे काय कराल?' असे विचारल्यास खरी अडचण पुढे येते.

शिवाय अनेक घरांत संकेतस्थळ नातवंडे उघडतात, तर गावात सेवा केंद्राचा चालक उघडतो. या मदतनिसाचा विचारही रचनेत असावा लागतो. केलेल्या अर्जाची पोच, भरलेले शुल्क आणि पुढील तारीख मोठ्या अक्षरांत छापून मिळाली, तर ज्याचे काम आहे त्याच्या हाती पुरावा राहतो आणि दुसऱ्यावरील अवलंबन फसवणुकीचे निमित्त होत नाही. परवलीचा शब्द इतरांना सांगावा लागणार नाही, अशी सोयही तितकीच महत्त्वाची आहे.

आडुतुरैच्या केंद्रात तयार झालेले बियाणे उत्तम होते. पण ते शेतापर्यंत गेले ते शेतकऱ्याला त्याच्या भाषेत, त्याच्या वेळी ते समजावून सांगण्यात आले म्हणून. शेतकऱ्याने आधी वाचायला शिकावे आणि मगच नवे वाण पेरावे, अशी अट तेव्हा कोणी घातली नव्हती. अनेक संकेतस्थळे ही अट नकळत घालतात. ती दूर करणे हे प्रामुख्याने संकेतस्थळ उभारणाऱ्यांचे काम आहे.